अलार्म वाजला का बंद पडला?

ए-३०२: सेक्रेटरी साहेब पंपवाल्यांचा रिपोर्ट बघितला का? सरळ लिहिलंय, 'अलार्म वेंट ऑफ अ‍ॅट ४.१०, वॉचमन स्विच्ड इट ऑफ अ‍ॅट ४.३०'. म्हणजे अलार्म बंद करून मामा झोपले अन् टाकी वाहत राहिली. पगारातून कापा.

बी-१०५: टाकीतला सेन्सर बदला.

सी-४०१: लातुरात राहून पाणी असं सांडायचं? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, इतक्यात विसरले का लोक

ए-३०२: तेच म्हणायलोय!!

सी-२०२: थांबा हो जरा. अलार्म 'वेंट ऑफ' म्हणजे वाजला. बॉम्बला म्हटलं तर फुटला, दुधाला म्हटलं तर नासलं. लाइटला म्हटलं तरच गेली.

ए-३०२: बाई तुम्ही शाळेत इंग्लिश शिकवलंय, मान्य, पण ऑफ म्हणजे ऑफ. पंखा ऑफ, मोबाइल ऑफ.

बी-१०५: सेन्सर बदला.

सी-२०२: मग पुढचं वाचा की. ४.१० लाच बंद पडला असता तर ४.३० ला मामांनी काय बंद केलं? सुटे शब्द जोडून अर्थ लागत नसतो, कशाबद्दल चाललंय ते बघावं लागतं. आपल्याकडं घसा बसतो, धंदा बसतो, त्याला काय खुर्ची लागते का?

ए-१०३: 😂😂 बरं मग रविवारची मीटिंग 'कॉल ऑफ' लिहिलंय ती फोनवर आहे का?

सेक्रेटरी: नाही हो, पुढच्या रविवारी आहे.

सी-२०२: मग 'पुट ऑफ' लिहायचं. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच.

सेक्रेटरी: बाई आम्ही फुकटात कामं करायलोत, आता इंग्लिशचे पेपर पण तपासून घ्यायचे का 🙏 पुढची नोटीस मराठीत टाकतो.

सी-४०१: मराठीतच टाका, निम्म्या लोकांना तेच बरं पडतं

बी-३०४: मी सांगते, अलार्म जोरात वाजत होता, मी गॅलरीत आले. मामांनी आधी मोटर बंद केली मग जिन्यानं गच्चीवर पळाले, पायात चप्पल पण नव्हती. उगं गरिबाला बोलू नका.

ए-३०२: ठीकंय वहिनी, पगाराचं मागं घेतो. पण मग टाकी वाहिली कामून?

बी-१०५: सेन्सर!! टाकी भरली तरी मोटर बंदच होत नाही, मागच्या महिन्यापासून बोंबलायलोय.

सेक्रेटरी: उद्या सकाळी इलेक्ट्रिशियन येतोय. गच्चीची चावी कुणाकडंय?