शब्दचर्चा : 'बंदरभेट', 'नांगरणे', 'दाखल होणे'

प्रश्न : भारतीय युद्धनौका सेशेल्सच्या पोर्ट व्हिक्टोरियात गेली की बातम्यांत 'सदिच्छा भेट', 'तैनात', 'नांगरली', 'दाखल' हे शब्द सरसकट एकाच अर्थाने येतात. नेमका फरक काय?

उत्तर : एकूण घटनेला 'बंदरभेट' म्हणावं, कारण त्यात हेतू गृहीत धरलेला नाही. 'सदिच्छा भेट' हा तिचा एक प्रकार. २९ जून १९७६ रोजी सेशेल्स स्वतंत्र झाला, त्या सोहळ्याला आयएनएस निलगिरी गेली होती. तिथे हा शब्द चपखल बसतो. इंधन, पाणी आणि ताजी रसद भरून पुढे निघायचं असेल तर तो 'पुरवठा-थांबा'. नौदलाच्या निवेदनांत यालाच 'ओटीआर' (ऑपरेशनल टर्नअराउंड) म्हणतात.

'तैनात' मात्र टाळाच. त्यातून नौका तिथे पहाऱ्यावर ठेवली आहे असा अर्थ निघतो, आणि छोट्या बेटराष्ट्रात त्या अर्थाचे राजकीय पडसाद उमटतात. यजमान देशाच्या सागरी क्षेत्रात त्यांच्या माणसांसह गस्त घातली तर सरळ 'संयुक्त गस्त' लिहावं. सेशेल्सची जमीन जेमतेम साडेचारशे चौरस किलोमीटर, पण विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासळी-खनिजांवर त्या देशाचा हक्क असतो तो समुद्र, १३ लाख चौरस किलोमीटरांहून मोठं. त्यामुळे तिथे या गस्तीला खरी किंमत आहे.

पुरवणी, 'नांगरली'विषयी : धक्क्याला दोरांनी बांधलेली नौका नांगरलेली नसते. ती 'धक्क्याला लागली'. बंदराचा वाटाड्या (पायलट) नौकेवर चढतो, टग म्हणजे छोट्या ओढबोटी तिला हळूहळू ढकलतात, पुढचे-मागचे दोर किनाऱ्यावरच्या खुंट्यांना अडकवतात. धक्का मालवाहू किंवा मासेमारी जहाजांनी भरलेला असेल, किंवा तिथलं पाणी उथळ असेल, तर नौका बाहेर उभी राहते आणि माणसं होडीने ये-जा करतात. ती खरी 'नांगरलेली'.

नांगर नुसत्या वजनाने धरत नाही. खोलीच्या कित्येक पट साखळी सोडावी लागते, म्हणजे तिचा बराच भाग तळावर आडवा पडतो आणि ओढ आडवी बसते. साखळी कमी पडली तर ओढ वर लागते, पाते तळातून सुटते आणि नौका वाऱ्याबरोबर सरकू लागते. याला 'नांगर घसरणे' म्हणावं. 'नांगर तुटला' हा वेगळाच अपघात आहे. आणि सोडलेल्या साखळीच्या टोकाला नौका वारा-प्रवाहानुसार नांगराभोवती फिरते, तेव्हा त्या वर्तुळात दुसरं काही नसणं आवश्यक असतं.

'दाखल'विषयी : 'सेशेल्समध्ये दाखल' म्हणजे पोहोचली. 'तटरक्षक दलात दाखल' म्हणजे मालकी आणि ध्वज दोन्ही बदलले. भारतीय नौदलाची आयएनएस तारमुगली २००५मध्ये सेशेल्सला दिली गेली आणि तिचं नाव 'टोपाझ' झालं. ते दुसऱ्या अर्थाचं 'दाखल'. मथळ्यात जागा वाचवायला मधले शब्द गाळले की हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात, म्हणून भेटीसाठी 'पोहोचली' बरं.

हरकत : 'परदेशी युद्धनौका म्हणजे त्या देशाची तरंगती भूमी' असं वाक्य नेहमी वाचायला मिळतं. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही. बंदराचं पाणी यजमानाचंच राहतं. नौकेला असते ती 'सार्वभौम उन्मुक्ती' : कप्तानाच्या संमतीशिवाय स्थानिक पोलीस किंवा सीमाशुल्क अधिकारी वर चढून झडती घेऊ शकत नाहीत. पण येण्यासाठी आधी राजनैतिक परवानगी लागते. १९८२च्या सागरी कायदा कराराच्या ३०व्या कलमानुसार, प्रादेशिक (किनाऱ्यालगतच्या) समुद्रातले नियम न पाळणाऱ्या आणि सांगूनही न ऐकणाऱ्या युद्धनौकेला ताबडतोब तो समुद्र सोडायला सांगता येतं. उन्मुक्ती म्हणजे मालकी नव्हे. बातमीत हा भेद पुसला गेला तर यजमान देशावर अन्याय होतो.

आणखी एक : '२१ तोफांची सलामी' यात तोफा एकवीस नसतात, बार एकवीस असतात. यजमान देशाला दिलेल्या या सलामीला किनाऱ्यावरून तेवढ्याच बारांनी उत्तर मिळायचं असतं, म्हणून ते आधी ठरवून घेतात. उत्तर देण्याची सोय नसेल तिथे सहसा बार काढत नाहीत. अशा भेटीच्या बातमीत सवयीने 'तोफांची सलामी' घालू नये. 'मानवंदना' चालेल, पण तीही प्रत्यक्ष दिली असेल तरच.