पुणे–नागपूर: जाताना आरएसी, येताना बैठकीचा डबा. रात्री झोप कशी लागेल?

रास्तापेठ_मृ

पुढच्या महिन्यात आई (वय ६१) आणि मी पुण्याहून नागपूरला जाणार आहोत. स्लीपरची दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत आणि दोन्ही आरएसीत (गाडीत बसता येतं, पण एक बर्थ दोघांत वाटून) अडकली आहेत. परतीचं तिकीट सणासुदीच्या विशेष गाडीत आरक्षित बैठकीचं, म्हणजे टू-एसचं मिळालंय. दोन्ही प्रवास रात्रीचे.

आईला रक्तदाब नाही, मधुमेह नाही. पण चार-पाच तास पाय लोंबते राहिले की घोट्याशी सूज येते आणि बसून झोपली की सकाळी मान धरते. विचारायचं आहे ते असं:

१. एका साइड लोअरवर (वाटेच्या कडेच्या खालच्या बर्थवर) दोघींनी रात्र कशी काढावी?
२. सरळ पाठीच्या बाकावर बसून झोपायचं असेल तर काय सोबत घ्यावं आणि ते नेमकं कुठे ठेवावं?
३. मानेची उशी घ्यावी का? बाजारात दहा प्रकार दिसतात.

"एक रात्र काय, निघून जाईल" हे घरचे सांगतच आहेत. इथे कृपया नेमकं सांगा.

---

सांधे_आणि_स्नायू

ताई, सगळे मानेपासून सुरुवात करतात, तिथेच चुकतं. बसून झोपताना आधार खालून वर द्यायचा असतो: आधी पाय, मग कंबर, मान सगळ्यात शेवटी.

डोळा लागला की स्नायू सैल पडतात आणि बूड हळूहळू पुढे सरकतं. बूड पुढे गेलं की कंबरेची नैसर्गिक खोलगट कमान उलटी होते, पाठीला पोक येतो आणि डोकं पुढे लोंबतं. मग मानेला कितीही महाग उशी लावा, सकाळी मान आणि कंबर दोन्ही धरलेली असतात. सरकणं थांबवायचं काम पायांचं.

पाय: पावलांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचं काहीतरी हवं. कपड्यांची घट्ट भरलेली पिशवी चालते. गुडघे नितंबांच्या पातळीत किंवा किंचित वर आले पाहिजेत. त्याने बाकाची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतत नाही. आईंच्या सुजेला ही रुतणारी कडही कारण असू शकते, कारण ती गुडघ्यामागच्या शिरा दाबते. दुसरं कारण पोटऱ्यांचं. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात, बसून राहिलं की ते काम बंद पडतं.

कंबर: आंघोळीचा मध्यम टॉवेल लांबीत दुमडून गुंडाळा आणि दोन रबरबँड लावा. दाबल्यावर ७-८ सेंटीमीटर जाडी उरली पाहिजे. आधी बूड पार मागे टेकवायचं, मग गुंडाळी पट्ट्याच्या रेषेच्या थोडी वर ठेवायची. पाठीच्या मध्यावर ठेवली तर उलट ती शरीर पुढे ढकलते.

मान: घोड्याच्या नालेच्या आकाराची उशी घेतलीत तर तिचा मागचा भाग पातळ आहे ना ते बघा. मागे जाड असली की सरळ पाठीच्या बाकावर डोकं पुढे लोटलं जातं. तशीच उशी घरात असेल तर फिरवून उघडं टोक मानेमागे घ्या, जाड भाग हनुवटीखाली येऊ द्या. बहुतेकांचं डोकं पुढेच पडतं, त्यामुळे आधार तिथेच लागतो. फक्त गळ्यावर दाब येऊ देऊ नका.

जागेपणी तासा-दीड तासाने पावलं वर-खाली २५-३० वेळा हलवायची. आणि डब्यातल्या संडासाला कंटाळून पाणी तोडू नका, ही चूक बायका हमखास करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की चार तासांहून जास्त बसून प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. यात विमानासोबत रेल्वे, बस, मोटार सगळं आलं. निरोगी माणसात मूळ धोका कमीच असतो, सुमारे सहा हजारांत एक. पण एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, गरम लागली, किंवा धाप लागली तर तो थकवा समजू नये, लगेच डॉक्टर गाठावा.

---

दौंड_कॉर्ड

आरएसीबद्दल. एकाच पीएनआरवर असल्यामुळे तुम्हा दोघींना बहुतेक एकच साइड लोअर मिळेल. अनोळखी माणसाशी जागा वाटून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गाडीत बसल्या बसल्या टीटीईंना (तिकीट तपासनिसांना) सांगून ठेवा. कोणी आलं नाही आणि बर्थ सुटला तर तो आधी आरएसीवाल्यांना द्यायचा असतो. "दोन्ही मिळाले तरच घेऊ" असं धरून बसू नका. एकच मिळाला तरी घ्या: एकीला तो आणि दुसरीला अख्खी साइड लोअर. गाडी सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी दुसरा चार्ट (आरक्षणाची अंतिम यादी) होतो, म्हणून पीएनआर स्टेशनवर पोचल्यावर परत बघा.

काहीच सुटलं नाही तर दोन मार्ग आहेत.

पहिला, दोघींनी पाय पसरून बसायचं. समोरासमोरच्या दोन्ही पाठी खाली पाडून बाक सपाट करा. दोन टोकांना आडोशाच्या भिंतीला पाठ लावून बसा आणि पाय एकमेकींच्या शेजारून पसरा. एकीचे खिडकीकडून, दुसरीचे वाटेच्या बाजूने. भिंत कडक असते, पाठीमागे कपड्यांची पिशवी हवीच. पाठी जुळतात तिथे मध्ये खाच राहते आणि ती नेमकी पोटरीखाली येते, तिच्यात चादर लांब घडी करून दाबून बसवा. नव्या काही डब्यांत खिडकीलगत एक सपाट गादी असते, ती वर ओढून पसरली की खाच झाकली जाते. ती दिसली नाही म्हणून लोक रात्रभर खाचेवर झोपतात, त्यामुळे आधी शोधा.

दुसरा, पाळ्या लावायच्या. एकीने कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, दुसरीने पायथ्याशी भिंतीला टेकून बसायचं आणि दोन-अडीचला अदलाबदल. सूज येणाऱ्या माणसासाठी मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण निदान तीन-चार तास पाय हृदयाच्या पातळीत येतात. आईंची पाळी पहिली लावू नका असं मी म्हणेन. दिवसभर बसून जी सूज येते ती पहाटेपर्यंत आडवं राहिल्याने उतरते, आणि उतरताना पाय हलके असतात.

साइड अपरवाल्याला रात्री १० ते सकाळी ६ खालच्या जागेवर हक्क नाही. ही वेळ २०१७ च्या परिपत्रकाने ठरली, आधी ती ९ पासून होती. उलट १० च्या आधी तो बसला तर उठवता येत नाही, तेव्हा पाठी पाडण्याची घाई नको.

३१ किंवा ३९ नंबर मिळाला तर डब्याच्या मध्यावर आहात, नशीबवान आहात. ७ म्हणजे दार, संडास आणि चाकांचा खडखडाट, सगळं डोक्याशी.

---

बाक_आणि_बोचकं

टू-एसबद्दल लिहितो. विशेष गाड्यांत टू-एस म्हणून बऱ्याचदा साधा जनरलसारखा डबा लागतो: समोरासमोर बाक, पाठ सरळ आणि मागे न झुकणारी. चेअर कारची खुर्ची डोळ्यांपुढे ठेवून तयारी करू नका.

बाकावर खिडकीची जागा सर्वांत चांगली, मधली सर्वांत वाईट. खिडकीशी डोकं थेट गजांना किंवा चौकटीला टेकवू नका. कंप कवटीत जातो, झोप लागली तरी डोकं जड होऊन उठतं. मध्ये शालीची चार पदरी घडी घ्या. वरची झडप खाली घेताना खटका दोन्ही बाजूंनी बसल्याचा आवाज ऐका आणि एकदा हाताने ओढून बघा. अर्धवट अडकलेली झडप धक्क्याने खाली येते आणि बोटं सापडतात.

मधल्या जागेवर मागे टेकून झोपायच्या भानगडीत पडूच नका. ३०-३५ सेंटीमीटर उंच पिशवी मांडीवर उभी धरा, तिला मिठी मारा आणि त्यावर गाल टेकून पुढे वाका. अर्ध्या तासाच्या डुलकीला हे उत्तम. त्याहून जास्त वेळ नको, हाताला मुंग्या येतात. कोपराची आतली बाजू कडेवर दाबली गेली की करंगळी आधी बधिर होते, ती खूण समजून जागा बदला.

दोन बाकांच्या मधे ठेवलेली पिशवी पावलांखालचा आधार म्हणून वापरता येते. समोरच्यांना विचारून ठेवा, बहुतेकदा त्यांचेही पाय तिच्यावर येतात आणि तक्रार मिटते. तिचा बंद मात्र स्वतःच्या पायाभोवती एक वेढा देऊन ठेवा. स्लीपरमध्ये खालच्या बाकाखाली साखळी लावायला कडी असते, बैठकीच्या डब्यात तिच्यावर विसंबू नका. पैसे आणि तिकीट अंगावरच.

आणखी एक. दौंडला ज्या गाड्यांचं इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं त्यांची दिशा उलटते. कॉर्ड लाइनने, म्हणजे दौंड स्टेशनाला बगल देणाऱ्या मार्गाने जाणाऱ्यांची नाही. परतीत दौंडपर्यंत वाऱ्याकडे पाठ असली तरी पुढे पुण्यापर्यंत वारा आणि धूळ तोंडावर येऊ शकते. पहाटेसाठी तोंडाला ओढणी हाताशी ठेवा.

---

रास्तापेठ_मृ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाय आधी, हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका: हवा भरायची उशी घरात आहे, ती चालेल का? आणि औषधाच्या दुकानात पोटरीचे घट्ट मोजे सुचवले, ते आईला घालू का?

---

सांधे_आणि_स्नायू

उशी चालेल, पण पूर्ण फुगवू नका. दोन तृतीयांश हवा पुरे. टम्म फुगलेली उशी चेंडूसारखी डोकं परत ढकलते. वर सुती रुमाल गुंडाळा, प्लास्टिकवर घाम येऊन माणूस जागा होतो.

मोज्यांवर दाब लिहिलेला असतो. प्रवासासाठी गुडघ्याखालपर्यंतचे, १५ ते २० मिलिमीटर पाऱ्याचा दाब असलेले पुरतात. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं: घोट्याशी सर्वांत बारीक जागी आणि पोटरीच्या सर्वांत जाड जागी. वरची कड दुमडली की तिथे दुप्पट दाब बसतो आणि मोजा फायद्याऐवजी त्रास देतो. चालताना पोटऱ्या दुखत असतील, पावलं थंड पडत असतील किंवा पायावर जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. आईंची सूज नेहमीची आहे, म्हणून जाण्याआधी एकदा दाखवूनच घ्या. मोज्यांचा प्रश्नही तिथेच सुटेल.

---

शाल_शिदोरी

थोडक्यात भर. मनमाड-भुसावळ पट्ट्यात थंडीच्या दिवसांत पहाटे चांगलंच गारठतं. स्लीपरमध्ये आणि बैठकीत अंथरूण-पांघरूण मिळत नाही. दोघींना मिळून एक सोलापुरी चादर आणि एक हलकी शाल न्या. चादर खाली घडी करून, शाल अंगावर. गोधडी उबदार खरी, पण तिने अर्धी पिशवी भरते.

जेवण साडेसातच्या आसपास: दशमी, कोरडी चटणी, एखादं केळं. बसून झोपताना भरल्या पोटी आंबट वर येतं, म्हणून तळलेलं टाळा. आठनंतर चहा नको.

---

रास्तापेठ_मृ

शेवटचं एक. कानात बोळे घातले तर उतरायच्या आधीचा गजर ऐकू येईल का?

---

दौंड_कॉर्ड

फोन खिशात, कंपनावर, अंगाला लागून ठेवा. उशाशी ठेवलात तर नाही कळणार. घड्याळाचा गजर उशिराच्या गाडीत उपयोगाचा नाही, 'व्हेअर इज माय ट्रेन'मध्ये स्टेशनचा गजर लावता येतो आणि तो मोबाइल टॉवरवरून चालतो, इंटरनेट नसलं तरी. अनेक गाड्यांत रात्री ११ ते ५ चार्जिंगचे पॉइंट बंद असतात, फोन दहाच्या आत भरून घ्या.

फोमचे बोळे बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, बोळा आत सारून २०-३० सेकंद धरून ठेवा. नुसता कोंबला तर फुगून बाहेर येतो. आणि दोघींनी एकाच वेळी घालू नका, पाळीवर जी जागी तिचे कान उघडे.