ओट्याखालच्या पेट्यांच्या साइड कापायच्या आहेत, फरशीला उतार आहे, माप कुठून धरू?

अमळनेरकर_७
राम राम मंडळी. घरी ८ फुटी ओटा आहे, वर ग्रॅनाइट आणि खाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या, म्हणजे तीन खण पडलेत. आजवर पडदा लावून चालवलं पण उंदरांनी आईला हैराण केलंय म्हणून ठरवलं की तिन्ही खणांत प्लायच्या पेट्या करून सरकवायच्या आणि पुढून शटर. १८ मिमीचं आयएस ७१० (पाण्यात टिकणारं, मरीन) प्लाय आणलंय, एक पूर्ण शीट, एका बाजूला लायनर (पेटीच्या आतला पातळ मायका) चिकटवून झालंय. अडचण अशी की फरशी मोरीकडे उतरती आहे, ग्रॅनाइटच्या खालून फरशीपर्यंत मोरीच्या बाजूला ८१२ मिमी भरतं आणि दुसऱ्या टोकाला ७९६. मग प्रत्येक साइड वेगवेगळ्या उंचीची कापू का? आणि जुन्या प्लायवर मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून ट्रायल घेतली तर दुसरा तुकडा एक सूत (साधारण ३ मिमी) कमी निघाला आणि मायकाचे टवके पण उडाले. खरं शीट कापायला हात धजावत नाही.

चोपडा_मिस्त्री
भाऊ वेगवेगळ्या उंचीच्या साइड अजिबात कापू नका, पेटी तिरकी होईल, मग शटर कधीच सरळ बसणार नाही. सहाही साइड एकाच मापाच्या, आणि माप धरायचं सगळ्यात कमी उंचीचं. तुमचं कमी माप ७९६, त्यातून १०० पीव्हीसी पायाचे आणि वर ६ मिमी मोकळे, राहिले ६९०. मोरीकडचा पाया फिरवून ११६ वर न्यायचा, घेताना दुकानात तेवढा वर येतो का बघून घ्या. उतार सगळा पायात आणि खालच्या पट्टीत जिरवायचा. शिवाय पायांमुळे प्लाय फरशीला टेकत नाही, आपल्याकडे ओटा धुतला की खाली पाणी जातंच. आणि एका काळ्या मातीतल्या घराचं सांगतो, जमीन फुगते-बसते तशी फरशी पण हलते, तिथे दोन वर्षांनी नुसते पाये फिरवून पेट्या परत लेव्हलला आणल्या.

आणखी एक, लायनर एकाच बाजूला लावून थांबू नका, दुसऱ्या बाजूलाही लावा, कापायच्या आधीच. एका बाजूचं प्लाय मे महिन्याच्या उन्हाळ्यात हमखास वाकतं.

तापीकाठ
एक सूत कुठे गेलं ते सांगतो. तुम्ही सगळ्या रेघा एकदम मारल्या असणार. ब्लेड साधारण ३ मिमी लाकूड खातं, तो भुसा पुढच्या तुकड्यातून जातो. एक काप घ्या, मग मोजा, मग पुढची रेघ.

शीट आधी लांबीत फाडा. खोली ५४५ धरली (ओटा ६१०, पुढे ग्रॅनाइट २५ बाहेर, शटरचे २०, मागे २० मोकळे कारण भिंत सरळ कधीच नसते) तर ५४५ च्या दोन पट्ट्या निघतात आणि १२०-१२२ मिमीची तिसरी उरते, ८ फूट लांब. तीच खालच्या पायपट्टीला, फेकू नका. मग दोन्ही पट्ट्यांतून ६९० चे तीन-तीन तुकडे, सहा साइड झाल्या. पुढच्या कडेला २ मिमीचा एज बँड (कड झाकायची पट्टी) लावणार असाल तर ५४३ कापा.

टवक्यांसाठी रेघेवर मास्किंग टेप, त्यावर पट्टी धरून कटर-ब्लेडने दोनदा चीर पाडा, मग पहिला काप फक्त २-३ मिमी खोल आणि दुसरा आरपार. हातातल्या कटरचे दात खालून वर येतात त्यामुळे टवके वरच्या बाजूला उडतात, चांगली बाजू खाली ठेवा. मोकळ्या हाताने कापू नका, सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून तिला टेकवून. गार्ड काढलेला असेल तर आधी लावा, चष्मा घाला. मार्बल कटरचा झटका फार वाईट असतो, मी एकाचा अंगठा बघितलाय.

भुसावळ_टेशन
दोघांचं बी बरोबर शे. पण भाऊ शीट एकच आहे ना, मग जळगावला किंवा धुळ्याला पॅनल सॉवाल्याकडे न्या. त्या मशीनला मोठ्या ब्लेडच्या पुढे एक छोटं ब्लेड असतं, ते आधी खालून चीर पाडतं म्हणून टवके उडत नाहीत. माझ्या मते घरी ट्रायल करणं ठीक, पण सहा साइड तिथेच. कापून आल्यावर कर्ण मोजा, ६९० बाय ५४५ ला ८७९ यायला पाहिजे, दोन्ही कर्ण सारखे नसतील तर तुकडा गुण्यात (काटकोनात) नाही.

आणि खणाची रुंदी वर, मध्ये, खाली, पुढून आणि मागून अशी सहा ठिकाणी घ्या. कडप्पा ओळंब्यात क्वचितच असतो. सगळ्यात कमी मापातून ४ मिमी वजा, ती पेटीची बाहेरची रुंदी. तळाची फळी दोन साइडच्या मध्ये बसते, तिच्यासाठी प्लाय १८ धरू नका, मायका लावलेले दोन तुकडे एकत्र धरून मोजा, चाळीसच्या आसपास भरतात.

अमळनेरकर_७
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच रुंद्या घेतल्या, मधल्या खणाला वर ७८१ आणि खाली ७७४ आहे, मी वरचंच धरून बसलो असतो. म्हणजे पेटी ७७० आणि तळ ७३०, दुसरी बाजू चिकटवून तुकडे मोजले की पक्कं करतो. शनिवारी टेम्पोत शीट घालून जळगावला नेतो. पायपट्टी मोरीकडे ११६ आणि दुसऱ्या टोकाला १०० अशी तिरकी कापावी लागेल, ती मी घरीच करीन, तिची खालची कड ऑइल पेंटने बंद केली तर चालेल ना?

चोपडा_मिस्त्री
चालेल, दोन हात द्या. तिरकी रेघ टेपने मारू नका, पट्टी जागेवर लेव्हलमध्ये उभी धरा, फरशीवर पेन्सिल सरकवत न्या, फरशीचा खळगा पण रेघेत उतरेल.