कॅसेटमध्ये अर्धवट तुटलेली गाणी (ऐंशीचं दशक, अनुभव धागा)

दळणवाली
काल भाजणी दळायला गिरणीत गेले होते. पुढे तीन डबे, म्हणून बाकावर टेकले. गिरणीवाल्याचा मोबाइल पिठाने पांढरा होऊन खिळ्याला लटकलेला, आणि त्यावर एकदम पाकिस्तानची पॉप गायिका नाझिया हसन! 'आँखें मिलाने वाले'. १९८४ च्या 'यंग तरंग'मधलं. पट्ट्याच्या फटफटीतसुद्धा सुरुवातीलाच ओळखलं.

गंमत पुढे आहे. आमच्याकडे हे गाणं साठच्या कॅसेटवर होतं. विकतची नाही, भरून घेतलेली. दादा वहीच्या मधल्या पानावर यादी लिहून दुकानात द्यायचा, चार दिवसांनी कॅसेट मिळायची. एका बाजूला तीस मिनिटं. त्यात सहा-सात गाणी, आणि शेवटचं जेवढं मावेल तेवढं. नाझिया नेमकी शेवटच्या नंबरावर. गाणं रंगात आलं की खट्! टू-इन-वनचं बटण वर. मग उठून कॅसेट उलटी करायचं काम माझं, कारण धाकटी मी.

काल ती जागा आली आणि मी चक्क खट्ची वाट बघत बसले. गाणं आपलं पुढे निघालं! चाळीस वर्षं मला पत्ताच नव्हता पुढे काय आहे त्याचा. खरं सांगू, पुढचं तितकंसं आवडलं नाही. माझं गाणं खट्लाच संपतं.

तर अशी गाणी काढा. सिनेमातली सुपरहिट नकोत, ती रोज लागतात. जी दोन उन्हाळे वाजली आणि गेली ती. देशी-विदेशी काहीही चालेल.

खट्याळ_काकू
भाजणी थालीपिठाची की चकलीची?

दळणवाली
थालीपिठाची गं. चकलीची आत्ता कुठे, दिवाळी लांब आहे.

जुनाट_रेडिओ
साठची बरी. आम्ही हावरटपणाने नव्वदची घ्यायचो, एकाच पैशात जास्त गाणी म्हणून. नव्वदचं रीळ पातळ. आठवड्यात गुंतायचं. मग कॅसेटच्या दातात पेन्सिल घालून गोल गोल. आमच्या टेपने अर्धं 'बूम बूम' खाल्लं होतं, चिकटपट्टी लावून जोडलं. त्यामुळे आमच्याकडे त्या गाण्यात मध्येच एक उचकी होती.

ते 'बूम बूम' १९८२ च्या 'स्टार'मधलं. कुमार गौरवचा सिनेमा आला तसा गेला, गाणी मात्र राहिली. सिनेमातलं नको म्हणाल तर हे अपवाद धरा, पिक्चर बघितलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

सातारी_कंदी
मी बघितलाय. भेटू कधी.

जुनाट_रेडिओ
😂 साष्टांग दंडवत.

होस्टेल_खोली_१२
कराडला होस्टेलवर एकाकडे मॉडर्न टॉकिंगची कॅसेट होती. कव्हरवर दोन गोरे, एकाचे केस आमच्या मेसच्या मावशींपेक्षा लांब. 'यू आर माय हार्ट, यू आर माय सोल' लागलं की अख्खी विंग ओरडायची, "अरे हे तर झुबी झुबी!" कारण झुबी झुबीवाला, बप्पी लाहिरींच्या संगीताचा 'डान्स डान्स' सिनेमा आम्ही आधी बघितला होता. आम्हाला ठाम वाटायचं की जर्मन लोकांनी बप्पीदांचं चोरलं. एक जण त्यांना पत्र लिहायला निघाला होता, पत्ता मिळाला नाही म्हणून जर्मनी वाचली.

बाई_मी_धरण
'जिमी जिमी'चंही तसंच ना? ओटावान नावाच्या फ्रेंच मंडळींचं. त्यांचंच ते 'डी.आय.एस.सी.ओ.'. माझ्या भावाला इंग्रजीत डिस्को सोडून एकही स्पेलिंग धड येत नसे.

मिरजकर_भाची
पोळ्या करता करता लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

माझी मावशी लग्नाआधी ऑर्केस्ट्रात गायची. गणपतीत गावोगाव कार्यक्रम. लताबाईंची गाणी म्हणायला दुसरी एक होती, मावशीकडे 'फास्ट' गाणी. नाझिया, रुना लैला, उषा उथुप. आजोबांची अट एकच, साडी नेसूनच गायचं. तर मावशी नऊवारीच्या खालोखाल जड अशी काठापदराची साडी नेसून, पदर खोचून 'डिस्को दीवाने' म्हणायची. स्टेजवर लाल-निळा दिवा फिरवायला एक मुलगा. तो हाताने फिरवायचा, रंगीत जिलेटीन लावलेली पत्र्याची चकती. मी सहा वर्षांची, विंगेत बसून बघितलंय. चकती फिरवता फिरवता त्याला जांभई आली की मावशी बराच वेळ नुसती निळीच दिसायची.

लग्न ठरलं आणि ऑर्केस्ट्रा बंद. सासरी सांगितलंच नव्हतं. कोणी भांडलं नाही, कोणी रडलं नाही, बंद म्हणजे बंद. मी पुढे एकदा विचारलं तर म्हणाली, "घसा बसायला लागला होता."

गेल्या वर्षी त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी कुकर लावण्याआधी तांदूळ धूत होती आणि ओठातल्या ओठात तेच. पाणी तीन वेळा बदलेपर्यंत एक कडवं. मला बघितल्यावर म्हणाली, "चहा टाकू?"

दळणवाली
काटा आला अंगावर. मावशींना आता गायला लाव गं.

मिरजकर_भाची
लावून बघितलं. चहा टाकते म्हणते.

खट्याळ_काकू
ती निळी मावशी डोळ्यांसमोरून जाईना 🙏

विदर्भाचा_वाघोबा
पाकिस्तानच्या हसन जहांगीरचं 'हवा हवा' कोणीच नाही काढलं? १९८७ चं. आमच्या नागपुरात त त्या वर्षी लग्नाची वरात निघाली की बँडवाल्याला दुसरं काही येतच नव्हतं. क्लॅरिनेटवाला गाल फुगवून फुगवून वाजवे, नवरदेव घोड्यावर, अन् घोडाही त्याच ठेक्यावर मान हलवे. माझ्या मोठ्या काकांच्या लग्नात वरात अडीच तास एका चौकात. भटजी मुहूर्त गेला म्हणून बोंबलून राहिले, पोरं म्हणे एक बार और.

दुबईकर_बाबूराव
त्याची मूळ चाल इराणची. कुरोश यघमाई म्हणून गायक, त्याचं 'हवार हवार', सत्तरच्या दशकातलं. इथे माझ्या ऑफिसात एक इराणी सद्गृहस्थ आहेत. मी उत्साहाने 'हवा हवा' लावलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, हे आमचं आहे. इराणमधून कराचीला, कराचीहून नागपूरच्या घोड्यापर्यंत. फिरलं बिचारं.

विदर्भाचा_वाघोबा
घोडा उमरेडचा होता. माहितीसाठी.

पेडण्याचो_भुरगो
रेमो फर्नांडिसला विसरलात तर गोव्यात पाऊल ठेवू देणार नाही. आता पद्मश्री वगैरे, पण तेव्हा हा माणूस शिवोलीत घरी चार ट्रॅकच्या मशिनवर सगळं एकट्याने वाजवून, गाऊन रेकॉर्ड करायचा, आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानादुकानांत स्वतः पोचवायचा. १९८४ चं 'गोवन क्रेझी', मग १९८६ चं 'पॅक दॅट स्मॅक', गर्दच्या, म्हणजे नशेच्या पुडीच्या विरोधातलं. आमच्या घरात इंग्रजी कोणाला फारसं कळत नव्हतं. बाबांना वाटायचं स्मॅक म्हणजे खाऊ, आणि पॅक कर म्हणतोय म्हणजे डब्यात भर. शाळेला जाताना आईला म्हणायचे, "याचं स्मॅक पॅक केलंस?" आम्ही मोठे होईपर्यंत कोणी दुरुस्त केलं नाही.

सातारी_कंदी
😂😂 डबा घेऊन शाळेत सांगितलं नाहीत ना?

पेडण्याचो_भुरगो
सांगितलं. बाईंनी आईला बोलावलं होतं.

थंडीतला_कांदेपोहे
टोरंटोहून. ऑफिसात एक बाई आहेत, मूळ त्रिनिदादच्या. मी मुंबईचा म्हटल्यावर पहिला प्रश्न, "कांचन माहितीये?" मला वाटलं कोणी नातेवाईक. तर बाबला आणि कांचनमधली कांचन! मला ती मुलुंडच्या नवरात्रातल्या 'डिस्को दांडिया'च्या कॅसेटमुळे माहीत, फार तर 'लैला ओ लैला' तिचं म्हणून. त्या बाईंच्या घरी मात्र तिची भोजपुरी ढंगाची गाणी लग्नकार्यात वाजायची, त्यांची आजी नाचायची. बाबला म्हणजे कल्याणजी-आनंदजींचा धाकटा भाऊ, हे मी ऐटीत सांगायला गेलो. त्यांना तेही माहीत होतं.

निशिगंध_८
बोनी एमचं 'रासपुतिन' चालेल का? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर

जुनाट_रेडिओ
१९७८. बाद.

निशिगंध_८
अहो वाक्य तरी पूर्ण करू द्या!! आमच्या बार्शीत ते ८३ साली पोचलं. आमच्यासाठी ते ८३ चंच.

बाई_मी_धरण
निशिगंधताई बरोबर आहे. कॅसेट गावात येईल ते साल.

जुनाट_रेडिओ
बरं बाई, घ्या. गच्चीवर काय?

निशिगंध_८
आता विसरले. दूध उतू गेलं तेवढ्यात.

अबोल_अभ्यंकर
आमच्या वडिलांना पॉपचा तिटकारा. अलिशा चिनॉयचं 'जादू' (१९८५) मी खाऊच्या पैशातून आणलं होतं. एकदा परीक्षेहून घरी आलो, कॅसेट लावली तर पहिलं गाणं नीट, दुसऱ्याच्या मध्यातून घरातल्या सत्यनारायणाची कथा. वडिलांनी रिकामी समजून वर टेप केलं होतं. विकतच्या कॅसेटची मागची खूण मोडलेली असते, वर टेप होऊ नये म्हणून, तरी त्या खड्ड्यात कागदाचा बोळा कोंबून त्यांनी केलं, म्हणजे चुकून नाही. मी काही बोललो नाही, त्यांनीही नाही. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. ती कॅसेट आहे अजून. साधूवाण्याच्या गोष्टीआधी अलिशा गाते, मग मध्येच वडिलांचं खाकरणं, आणि "हं, करा सुरुवात गुरुजी."

मिरजकर_भाची
ती आधी मोबाइलमध्ये उतरवून घ्या हो. रिळाला बुरशी धरते.

अबोल_अभ्यंकर
हो. टेप नाहीये घरात आता, तो शोधतोय.

जुनाट_रेडिओ
माझ्याकडे चालू स्थितीत आहे. ठाण्यात असाल तर या. मी उतरवून देतो, पट्टा नवीन टाकलाय.

होस्टेल_खोली_१२
नाझिया गेल्याची बातमी मी एसटीत वाचली होती, ऑगस्ट २०००. पस्तीस वय. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद नव्हे, ताजा पेपर, शेजारच्याच्या हातातला. त्याने पान उलटलं. मला म्हणता येईना की थांबा जरा.

सातारी_कंदी
कर्करोग ना. 'आप जैसा कोई' गायली तेव्हा शाळेत होती ती.

खट्याळ_काकू
विषयांतर करतेय, पण दळणवाली, प्रमाण सांग ना भाजणीचं. माझी नेहमी कडक होतात थालीपिठं.

दळणवाली
बाजरी दोन वाट्या, ज्वारी एक, तांदूळ एक, हरभऱ्याची डाळ एक, उडीद अर्धी, गहू अर्धी. सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर. आणि गिरणीत सांगायचं, ज्वारीवर दळा.

बाय द वे आज परत गेले होते, डब्याचं झाकण तिथेच राहिलेलं. गिरणीवाल्याला विचारलं, नाझियाची गाणी तुम्ही लावता का. म्हणाला, कोण नाझिया? पोरगा लावून जातो, मला आवाज येतच नाही, कानात कापूस असतो.

खट्याळ_काकू
धने?

दळणवाली
अगं हो! धने पाव वाटी. घातलेच नाहीत मी या वेळी. 🤦