मदत हवी आहे: एचडी वाहिनीवर कॅमेरा फिरला की मैदानाचा हिरवा चिखल होतो

धागाकर्ता: कॅमेरा चेंडूमागे पळाला की गवत पुसल्यासारखं होतं, खेळाडूच्या पाठीवरचा नंबर वाचता येत नाही. थांबला की सगळं स्वच्छ. टीव्ही बदलला, वायर बदलली. कंपनी म्हणते सिग्नल उत्तम आहे. काय करू? रविवारी फायनल आहे, लवकर सांगा.

तारवाला: डिश की केबल? बॉक्स एचडीएमआयने जोडलाय की तीन रंगी पिनांनी? सगळ्याच वाहिन्यांवर होतं का?

धागाकर्ता: डिश, एचडीएमआय. बातम्या ठीक दिसतात. आवाज कुठेच तुटत नाही.

छत्रीदुरुस्ती: एलएनबीचा (छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) कनेक्टर उघडा. आतली तांब्याची तार हिरवट पडली असेल तर पाणी शिरलंय. टोक कापून नवा कनेक्टर लावा.

तारवाला: अहो, पाणी शिरलं तर चित्र अडकतं, आवाज तुटतो. डिजिटल सिग्नल पुरेसा असला की चित्र पाठवलं तसंच येतं. इथे आवाज शाबूत आहे, म्हणजे मुळात पाठवलंच खराब आहे.

बिटमोजणी: सहमत. डीव्हीबी-एस2 (डिशच्या प्रसारणाची पद्धत) मध्ये 8पीएसके, 3/4 एफईसी आणि 27,500 सिम्बॉल रेट ही सेटिंग्ज धरली तर एका ट्रान्सपॉन्डरवर (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावर) सेकंदाला साधारण 61 मेगाबिट मावतात. त्यात बारा एचडी वाहिन्या कोंबल्या की प्रत्येकीला सरासरी पाचच उरतात. वाटप दर क्षणी बदलतं, ज्या वाहिनीवर हालचाल जास्त तिला जास्त. पण सोबतच्या वाहिन्यांवरही सामने असतील तर घ्यायचं कुणाकडून? एमपीईजी-2 (चित्र दाबून लहान करायची जुनी पद्धत) मध्ये अशा वेळी उघडे चौकोन दिसायचे. एच.264 ही नंतरची पद्धत त्यांच्या कडा घासून गुळगुळीत करते, म्हणून तुम्हाला चिखल दिसतो.

मोजून बघा. बॉक्सवर सामना बरोबर 10 मिनिटं रेकॉर्ड करा, फाइल किती एमबी झाली ते पाहा आणि 75 ने भागा. सेकंदाला किती मेगाबिट ते कळेल.

नवाकोडेक: सगळ्यांनी एचईव्हीसीवर (एच.264 च्या पुढची, कमी जागा घेणारी पद्धत) जावं, प्रश्नच मिटेल.

बिटमोजणी: नाही मिटणार. वाचलेल्या जागेत आणखी वाहिन्या भरतात. शिवाय वाहिनीकडून आलेलं चित्र डिश कंपनीने उलगडून पुन्हा दाबलं की दुसऱ्यांदा तपशील जातो, कोडेक (दाबायची पद्धत) कुठलाही असो.

ध्वनिप्रेमी: साउंडबार असेल तर ओठ आणि आवाज जुळवायला ऑडिओ डिले 20-20 मिलिसेकंदांनी बदलून पाहा.

तारवाला: आवाजाचं कुणी विचारलेलं नाही. धागाकर्ते, बॉक्सचं आउटपुट 1080आय (एचडी) आहे ना? काही बॉक्स रीसेट झाले की 576 वर (साध्या एसडी दर्जावर) जातात. टीव्हीचा शार्पनेस शून्याजवळ आणा, तो वाढवला की अक्षरांभोवतीची वळवळ आणखी उठून दिसते. मोशन स्मूदिंग बंद करा.

धागाकर्ता: 1080आय आहे. शार्पनेस 50 होता, शून्य केल्यावर स्कोअरपट्टीभोवतीची वळवळ कमी झाली. गवत तसंच. 10 मिनिटांत 285 एमबी, म्हणजे 3.8?

बिटमोजणी: हो, 3.8. एच.264 मध्ये 1080आय खेळाला हे फारच अपुरं आहे. तक्रारीत ‘सिग्नल’ शब्द वापरू नका, ते छत्री तपासायला माणूस पाठवतील. वाहिनी क्रमांक, वेळ, फाइलचा आकार आणि बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट) लिहा. रविवारपुरतं त्याच वाहिनीच्या ॲपवर पाहून घ्या, तिथलं एन्कोडिंग (चित्र दाबणं) वेगळं असतं.

छत्रीदुरुस्ती: तरी कनेक्टर एकदा बघाच.