टीपीएनची (शिरेतून द्यायच्या संपूर्ण पोषणाची) पिशवी रुग्णालयात भरावी की तयार घ्यावी? खर्च कसा धरायचा?

रामबाग_औषधभांडार (इंदूर)

नमस्कार मंडळी. १२० खाटांच्या रुग्णालयाच्या फार्मसीसाठी विचारतो आहे. सर्जरी आणि आयसीयू मिळून महिन्याला मोठ्या रुग्णांच्या २५-३० टीपीएन पिशव्या लागतात. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) एका वेळी तीन-चार बाळं टीपीएनवर असतात. मोठ्यांना सध्या तीन कप्प्यांची तयार पिशवी (प्रत्येक घटक वेगळ्या कप्प्यात, लावताना मिसळायची) लावतो, बाळांचं मिश्रण वॉर्डातच सिरिंजमध्ये भरलं जातं.

व्यवस्थापनाचा प्रस्ताव असा: दवा बाजारातून सुट्या बाटल्या घाऊक भावात घ्या, एक लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेच्या झोतातलं टेबल) बसवा आणि सगळं इथेच भरा, पिशवी जवळजवळ अर्ध्या पैशात पडेल. त्यांच्या हिशोबात तीनच ओळी आहेत: अमिनो अ‍ॅसिड, डेक्स्ट्रोज (साखर), लिपिड (स्निग्ध पदार्थ). मला हा हिशोब लंगडा वाटतो, पण समितीपुढे आकड्यांनीच बोलावं लागेल.

६० किलोचा रुग्ण, सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी), किलोमागे २५ किलोकॅलरी आणि १.२५ ग्रॅम प्रथिनं असं धरून कोणी मांडणी करून देईल का? काय सुटतं आहे, आणि किती पिशव्यांनंतर स्वतः भरणं परवडतं?

लष्कर_फार्मासिस्ट (ग्वाल्हेर)

आधी नुस्खा मांडू, मग पैसे.

१५०० किलोकॅलरी आणि ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. १० टक्के अमिनो अ‍ॅसिड ७५० मिली घेतलं की ७५ ग्रॅम प्रथिनं आणि ३०० किलोकॅलरी. २० टक्के लिपिड २५० मिली म्हणजे ५०० किलोकॅलरी. ५० टक्के डेक्स्ट्रोज ४०० मिली म्हणजे २०० ग्रॅम, ग्रॅमला ३.४ प्रमाणे ६८० किलोकॅलरी. बेरीज १४८०, पुरेशी जवळ. साखरेचा वेग मिनिटाला किलोमागे २.३ मिलिग्रॅम येतो, त्यात धोका नाही.

आता तुमच्या कागदावर नसलेल्या ओळी. ८० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षारांचं मोजमाप) सोडियमसाठी ३ टक्के सलाईन १६० मिली (मिलीला अर्धा एमईक्यूच मिळतो, म्हणून आकारमान वाढतं). पोटॅशियम क्लोराइड १५ टक्के २० मिली, म्हणजे ४० एमईक्यू. पोटॅशियम फॉस्फेट ५ मिली, ज्यात १५ मिलीमोल फॉस्फेट आणि आणखी २२ एमईक्यू पोटॅशियम. लेबलवर मिलीला ३ मिलीमोल लिहिलंय ना, हे प्रत्येक बॅचला पाहा. मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के ४ मिली. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के २० मिली. मल्टिव्हिटॅमिन आणि ट्रेस एलिमेंट (जस्त, तांब्यासारखी सूक्ष्म खनिजं). सगळं मिळून सुमारे १६५० मिली, ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) लिटरला १२५०-१३०० मिलिऑस्मोलच्या आसपास. हाताच्या शिरेची मर्यादा ९०० धरतात, त्यामुळे ही पिशवी सेंट्रल लाइनमधूनच. काही अमिनो अ‍ॅसिडच्या बाटल्यांत सोडियम आणि अ‍ॅसिटेट आधीच असतं. ते वजा न करता सोडियम घातलं की दुप्पट जातं.

आता वाया जाणारा माल. अमिनो अ‍ॅसिड ५०० मिलीच्या बाटलीत येतं आणि तुम्हाला लागतात दीड बाटल्या. त्या दिवशी एकच रुग्ण असेल तर अर्धी बाटली टाकायची, पण पैसे दोन बाटल्यांचे. एकाच प्रमाणाचे दोन रुग्ण असतील तर तीन बाटल्यांत काम होतं. महिन्याला ३० पिशव्या म्हणजे दिवसाला सरासरी एक, म्हणून तुमच्याकडे बहुतेक दिवशी अर्धी बाटली वाया जाणार. इंजेक्शनच्या कुप्यांचंही तेच. मल्टिव्हिटॅमिनची १० मिलीची कुपी पूर्ण लागते, पण फॉस्फेटची १५ मिलीची कुपी असेल तर दोन तृतीयांश टाकावी लागेल.

मग डिस्पोजेबल. रिकामी ईव्हीए प्लास्टिकची पिशवी (पीव्हीसी चालत नाही, लिपिड त्यातलं प्लास्टिक मऊ करणारं रसायन ओढून घेतं), ट्रान्सफर सेट, सात-आठ सिरिंज आणि सुया, निर्जंतुक हातमोज्यांचे दोन जोड, गाऊन, मास्क, टोपी, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रकाशरोधक आवरण आणि १.२ मायक्रॉनचा इन-लाइन (नळीत बसणारा) फिल्टर. रिकामी पिशवी आणि फिल्टर हे दोनच इतके महाग पडतात की "अर्ध्या पैशात" हा शब्द तिथेच गळून पडतो.

शेवटी स्थिर खर्च, जो कोणी लिहीत नाही. लॅमिनार फ्लोचं टेबल हा त्यातला छोटा भाग आहे. टेबलावर क्लास १०० (अगदी कमी कणांची) हवा मिळाली तरी ते ज्या खोलीत ठेवाल तीही स्वच्छ असावी लागते: गाळलेली हवा, दाबाचा फरक, गाऊन घालायची वेगळी जागा, धुता येणाऱ्या भिंती, आणि आत सिंक नाही. हेपा (हवेतले सूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरची तपासणी दर सहा महिन्यांनी, प्री-फिल्टर, एसी, जनरेटरवरची वीज, सेटल प्लेट (हवेतले जंतू पाहायच्या तबकड्या), प्रत्येक कर्मचाऱ्याची मीडिया-फिल चाचणी (औषधाऐवजी जंतू वाढवणारं द्रावण भरून हाताची स्वच्छता पाहणं). माणसं दोन लागतात, एक भरणारा आणि एक तपासणारा. नुस्खा तपासण्यापासून लेबलपर्यंत एका पिशवीला पाऊण तास धरा. पहिल्या पिशवीआधी लॅमिनार अर्धा तास चालू ठेवायचा, तोही वेळ त्यातच.

समजा हे सगळं महिन्याला ६०,००० रुपये होतं (तुमचे खरे आकडे घाला, हा फक्त हिशोबासाठी). १० पिशव्यांवर पिशवीमागे ६,०००, ३० वर २,०००, २०० वर ३००. सूत्र एवढंच: टाकलेल्या मालासह घटक, अधिक डिस्पोजेबल, अधिक मजुरी, अधिक स्थिर खर्च भागिले पिशव्या. शेवटचा भागाकार तुमच्या बाजूने नाही.

याउलट साधारण दीड लिटरच्या सेंट्रल तयार पिशवीत ७५ ग्रॅम अमिनो अ‍ॅसिड आणि १६०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे तुमच्याच रुग्णाचा नुस्खा. मोठ्यांसाठी तीच चालू ठेवा असं माझं मत. फक्त दोन गोष्टी. तीन कप्प्यांच्या पिशवीत व्हिटॅमिन आणि ट्रेस एलिमेंट नसतात, ते घालावेच लागतात आणि तेही खर्चात धरा. आणि पेरिफेरल (हाताच्या शिरेतून द्यायची) पिशवी स्वस्त दिसली म्हणून घेऊ नका: जवळपास तेवढ्याच आकारमानात तिच्यात प्रथिनं ३४ ग्रॅमच असतात. ७५ ग्रॅम गाठायला दोन पिशव्याही कमी पडतात.

सयाजीगंज_एनआयसीयू (बडोदा)

मोठ्यांबद्दल वरचं सगळं मान्य. बाळांचा हिशोब मात्र उलटा आहे आणि तुमची खरी बचत तिथेच आहे.

१.२ किलोचं बाळ घ्या. लिपिड किलोमागे ३ ग्रॅम म्हणजे ३.६ ग्रॅम, २० टक्के द्रावणाचं १८ मिली. लाइन भरायला चार मिली जादा. १०० मिलीची बाटली एका बाळासाठी फोडली तर ७८ मिली टाकायचं. चार बाळांची सिरिंज एकाच बैठकीत भरली तर ८८ मिली वापरलं जातं. अमिनो अ‍ॅसिड किलोमागे ३ ग्रॅम म्हणजे ३६ मिली, तिथेही तेच. वॉर्डात प्रत्येक बाळासाठी वेगळ्या वेळी वेगळी बाटली फुटते, ते थांबवलं तरी बिल खाली येतं. त्यासाठी ऑर्डरची वेळ ठरवावी लागते: सकाळचे रक्ताचे रिपोर्ट आले की अकरापर्यंत नुस्खे फार्मसीत, दुपारी एकच बैठक, संध्याकाळी सगळ्या बाळांना एकदम बदल. बारानंतर आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवसावर. बालरोगतज्ज्ञांना हे पटवणं हाच या कामातला अवघड भाग.

आणि वॉर्डातल्या उघड्या टेबलावर भरणं मुळातच बंद करा. खर्च बाजूला ठेवला तरी त्या वजनाच्या बाळाला रक्तातला संसर्ग म्हणजे अँटिबायोटिक, लाइन बदलणं आणि मुक्काम लांबणं. वाचवलेल्या बाटल्यांचे पैसे एका संसर्गात जातात. लहान लॅमिनार घ्यायचाच असेल तर तो बाळांसाठी घ्या.

एक बारकावा. कॅल्शियम ग्लुकोनेट काचेच्या अँपूलमधलं असेल तर त्यात अ‍ॅल्युमिनियम जास्त उतरतं. प्लास्टिकच्या कुपीतलं मिळालं तर बाळांसाठी तेच मागवा. किलोमागे दिवसाला ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा फार लवकर ओलांडली जाते.

रामबाग_औषधभांडार (इंदूर)

दोघांचेही मनापासून आभार. एक प्रश्न नक्की येणार आहे: उरलेली अर्धी अमिनो अ‍ॅसिडची बाटली किंवा लिपिड फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरलं तर काय बिघडतं? आणि समजा बाळांसाठी इथे भरायला लागलो, तर नवख्यांच्या हातून नेमकं कुठे चुकतं?

लष्कर_फार्मासिस्ट (ग्वाल्हेर)

फ्रिजचं उत्तर एकच: अजिबात नाही, ठेवायचं नाही. या बाटल्यांत प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. रबर एकदा टोचलं की ती एकाच बैठकीची. निर्जंतुक मिश्रणं भरण्याच्या अमेरिकी मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत लॅमिनारखाली फोडलेल्या एकमात्रा कुपीला सहा तास दिले होते, आणि फोडलेलं अँपूल तर अजिबात ठेवायचं नाही. लिपिड म्हणजे जंतूंसाठी खुराकच. लिपिड वेगळं लावलं तर एक सिरिंज १२ तासांत संपवायची, तिन्ही एकत्र असलेली पिशवी २४ तासांत.

चुका कुठे होतात ते तपशीलाने लिहितो, कारण एक बाद पिशवी म्हणजे दोन पिशव्यांचा खर्च.

क्रम: अमिनो अ‍ॅसिड, मग डेक्स्ट्रोज, मग फॉस्फेट. पिशवी हलवायची. मग सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. कॅल्शियम सगळ्या इलेक्ट्रोलाइटच्या शेवटी, पुन्हा हलवून. पिशवी उजेडाकडे धरून, काळ्या आणि पांढऱ्या पाठीवर बघायची, आणि मगच लिपिड. कारण लिपिडनंतर सगळं दुधासारखं पांढरं होतं आणि कॅल्शियम फॉस्फेटचा चुरा दिसत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) याच चुऱ्याबद्दल इशारा दिला होता. फुप्फुसात तो अडकून दोन रुग्ण दगावले होते. कॅल्शियम क्लोराइड वापरू नका, ग्लुकोनेटच. शिवाय २० टक्के लिपिडमध्ये फॉस्फोलिपिडमुळे लिटरला सुमारे १५ मिलीमोल फॉस्फेट आधीच असतं, ते बेरजेत घ्या. उष्णता वाढली की हा चुरा जास्त पडतो, म्हणून मे महिन्यात इंदूरला एसी बंद असलेल्या खोलीत काम करायचं नाही.

लिपिडमध्ये थेट डेक्स्ट्रोज ओतलं तर आम्लतेने इमल्शन (पाण्यात मिसळलेले तेलाचे थेंब) फुटतं. मोठ्यांच्या तिन्ही एकत्र पिशवीत शेवटचं प्रमाण अमिनो अ‍ॅसिड किमान ४, डेक्स्ट्रोज १०, लिपिड २ टक्के राहील असं पाहा. वरच्या नुस्ख्यात ते साधारण ४.५, १२ आणि ३ येतं. पिशवीवर वरच्या बाजूला फिकट पांढरी साय धरली असेल तर हळूच उलटसुलट केल्यावर ती मिसळते, ती चालते. पिवळ्या तेलाच्या रेघा दिसल्या तर पिशवी फेकायची, हलवून बघायचं नाही.

एककांचा घोळ तर नेहमीचा: फॉस्फेट डॉक्टर एमईक्यूत लिहितात, कुपीवर मिलीमोल असतं. ऑर्डरच्या छापील फॉर्मवर फक्त मिलीमोलची चौकट ठेवा. आणि स्वस्तातली एक तपासणी म्हणजे वजनकाटा. ५० टक्के डेक्स्ट्रोजची घनता १.१७ आहे, म्हणजे ४०० मिलीचं वजन ४६८ ग्रॅम. अमिनो अ‍ॅसिड १.०३ आणि लिपिड ०.९९ च्या आसपास. अपेक्षित वजन आधी काढून ठेवा. प्रत्यक्ष वजनात पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर पिशवी वॉर्डात पाठवायची नाही. दुसरा तपासणारा रिकाम्या कुप्या मोजतो, तोपर्यंत त्या फेकायच्या नाहीत.

पलासिया_आहारतज्ज्ञ (इंदूर)

दोन गोष्टी जोडते. पैसे वाचवायला मल्टिव्हिटॅमिन गाळायचं, हे प्रस्तावात डोकावेल, तेव्हा अडवा. १९९७ मध्ये अमेरिकेत मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला, तेव्हा थायमिन (व्हिटॅमिन बी१) न मिळालेल्या टीपीएनच्या रुग्णांना रक्तात आम्ल साचणारा लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस झाला. बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला तर साखर सुरू करण्याआधी थायमिन, आणि पहिले दिवस रोज फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायचं. ते तपासणीचे पैसेही तुमच्या तक्त्यात असू द्या.

दुसरं, पर्ची हातात देऊन नातलगाला लिपिड बाहेरून आणायला पाठवणं बंद करा. चाळीस अंशांच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून आलेली बाटली २५ अंशांच्या आत राहिलेली नसते, आणि बर्फावर ठेवून गोठली तरी ती बाद.

आणि समितीला पिशवीच्या भावाबरोबर पिशव्यांची संख्याही दाखवा. आतडं चालत असलेल्या रुग्णाला राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) ताशी २० मिलीने का होईना सुरू करता येतं. दिवस जाईल तसा वेग वाढवत टीपीएन कमी करत आणायचं. रोजच्या राउंडला "आज नळीने किती गेलं" हा प्रश्न विचारला जात नसेल तर पिशव्या चालूच राहतात. तुमच्या २५-३० मधल्या किती पिशव्या चौथ्या दिवसानंतर केवळ ऑर्डर थांबवली नाही म्हणून लागल्या, ते मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींतून काढा, मग लॅमिनारचं कोटेशन मागवा.