कारीट आणि नवे पोहे
कोणीतरी लिहिलंय की दिवाळीची पहिली पहाट म्हणजे चकली-चिवड्याचं ताट, पण आमच्या सिंधुदुर्गात तसं नाही हो, तिथे नरकचतुर्दशीला पोह्यांचाच मान, या दिवसाला चावदिवस म्हणतात आमच्याकडे. अंघोळ करून तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट, म्हणजे एक छोटं कडू रानफळ, फोडायचं, गोविंदा गोविंदा ओरडायचं, त्यातली बी कपाळाला लावायची आणि थेंबभर रस जिभेवर, इतका कडू की डोळे मिटतात. तो नरकासुराचा वध.

मग नव्या भाताचे पोहे, गुळखोबऱ्याचे, दुधातले, ताकातले, फोडणीचे. भात नुकताच कापलेला असतो त्यामुळे त्यांना ओलसर गोड वास येतो. माझ्यासाठी दिवाळी म्हणजे हे नवं धान्यच, आजी पहिली मूठ देवापुढे ठेवल्याशिवाय कोणाला हात लावू द्यायची नाही.